आजचं वाचन वाचलंस का?

माझ्या मोबाईलवर एक बायबलचं अ‍ॅप होतं. रोज सकाळी साडेसातला टिंग् करून एक वचन यायचं. मागे सूर्योदय, नाहीतर धुक्यातला डोंगर. वचन उघडलं की खाली एक ज्योत पेटायची आणि शेजारी आकडा दिसायचा, सलग किती दिवस उघडलं त्याचा. माझा आकडा ४१२ वर गेला होता. आमच्या प्रोजेक्टचा बिल्डसुद्धा सलग ४१२ दिवस कधी हिरवा राहिलेला नाही :)

आणि त्या ४१२ पैकी एकाही दिवशी मी माझ्या सख्ख्या भावाशी एक शब्द बोललो नव्हतो. त्याच्या आधीचं वर्षभरही नाही.

या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात इतक्या सुखाने शेजारी शेजारी कशा नांदल्या, यावर आजचं लिखाण आहे. धर्मावर लिहायचं मी शक्यतो टाळतो, कारण प्रत्येकाचं आपापलं असतं. पण हा विषय फक्त कॅथलिक लोकांचा नाही असं मला वाटायला लागलंय. तुमच्या घरी हरिपाठ असेल, पारायण असेल, विपश्यना असेल, नाहीतर यातलं काहीच नसेल. तरी वाचून बघा.

आधी थोडं घरचं. आम्ही वसईचे कॅथलिक. पुण्यात नवीन टीममध्ये गेलं की "अरे, तू ख्रिश्चन? मग मराठी इतकं चांगलं कसं?" हा प्रश्न ठरलेला. आता मी त्यावर चिडत नाही, फक्त सांगतो की फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापलं, तेही मराठीत आणि ओवीत, तब्बल अकरा हजारांच्या आसपास ओव्या. आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्या वसईचेच. ते २०२४ मध्ये गेले. त्यांचं 'सुबोध बायबल' आमच्या घरात आहे, आणि ते काचेच्या कपाटात नसून आईच्या उशाशी असतं. पानांना हळदीचे डाग आहेत.

आईचा नेम असा. संध्याकाळी रोझरी, जेवण, भांडी, आणि मग झोपायच्या आधी 'आजचं वाचन'. हे आजचं वाचन म्हणजे काय, ते जरा नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

कॅथलिक चर्चमध्ये रोजच्या मिस्सेत बायबलमधला कुठला उतारा वाचायचा हे ठरलेलं असतं. फादरना वाटलं म्हणून बदलत नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६५ मध्ये सामान्य माणसांनीही बायबल वाचावं यावर भर दिला आणि १९६९ मध्ये वाचनांचं नवीन वेळापत्रक आलं. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं: अ, ब आणि क. सालाला तीनने भागा. बाकी एक उरली तर अ, दोन उरली तर ब, काहीच उरलं नाही तर क. (फक्त चर्चचं वर्ष जानेवारीत नाही, नाताळच्या आधीच्या आगमनकाळात सुरू होतं. एवढी एक एज केस सांभाळायची.) आठवड्याच्या इतर दिवशी पहिलं वाचन सम आणि विषम वर्षांत वेगळं, शुभवर्तमान मात्र दर वर्षी तेच. सणवारांचे खास काळ सोडले तर आधी मार्क, मग मत्तय, मग लूक, असं क्रमाने. म्हणजे आज व्हॅटिकनमध्ये, ब्राझीलमध्ये आणि वसईत आईच्या उशाशी, सगळीकडे साधारण एकच पान उघडलेलं असतं.

इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन आवडायचं. माणूस म्हणून मात्र त्यात काय आहे ते कळलं नव्हतं. मी पुण्यात आल्यावर माझं माझं अ‍ॅप घेतलं. अ‍ॅपने सुरुवातीलाच विचारलं, तुम्हाला कुठल्या विषयांवर वचनं हवीत? शांती, धीर, यश, आरोग्य, क्षमा, नातेसंबंध... मी 'शांती' आणि 'यश' वर टिक केली. ('क्षमा' समोर दिसत होतं. सरळ खाली स्क्रोल केलं.)

मग काय, रोज शांती आणि यश. यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातलं ११ वं वचन तर इतक्या वेळा आलं की पाठ झालं. तुमच्यासाठी माझ्या मनात चांगल्या योजना आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देणाऱ्या, अशा अर्थाचं ते आहे. अप्रेझलच्या महिन्यात वाचायला फारच गोड. पण ते पत्र लिहिलंय बाबिलोनला बंदी म्हणून नेलेल्या लोकांना. आणि त्याच्या बरोबर आधीचं, म्हणजे १० वं वचन सांगतं की हे सगळं होईल, पण सत्तर वर्षांनी! ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक तोवर मेलेले असणार. त्याच अध्यायात आधी हेही आहे की घरं बांधा, बागा लावा आणि ज्या परक्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हा भाग मला अ‍ॅपवर कधीच आला नाही. सूर्योदयाच्या फोटोवर 'सत्तर वर्षं थांबा' हे शोभत नसावं.

संतांचंही तेच. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज एका संताचं एक वाक्य येतं, गुलाबासकट. लिझ्यूच्या संत तेरेजाची वाक्यं सगळ्यात जास्त. फ्रान्समधली ही मुलगी १५ व्या वर्षी मठात गेली आणि १८९७ मध्ये २४ व्या वर्षी क्षयाने गेली. तिचं आत्मकथन दुसऱ्या वर्षी छापलं गेलं. ते खरंच वाचलं तर त्यात गुलाबांपेक्षा वेगळंच बरंच काही सापडतं. प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी एक सिस्टर सतत कसलातरी बारीक आवाज करायची आणि तिला घाम फुटेपर्यंत त्याचा त्रास व्हायचा. कपडे धुताना समोरची सिस्टर मळकं पाणी हिच्या तोंडावर उडवायची. एक सिस्टर तर तिला मुळीच आवडायची नाही. हिने ठरवून तिच्याशीच सगळ्यात चांगलं वागायला सुरुवात केली, इतकं की त्या सिस्टरनेच एक दिवस विचारलं, माझ्यात तुला एवढं काय आवडतं? यात चमत्कार कुठलाच नाही. ओपन ऑफिसमध्ये पेन टकटकवणारा शेजारी ज्यांना आहे त्यांना हे संतपण कळेल. पण मळक्या पाण्याचा फॉरवर्ड कोणी पाठवत नाही.

तर मुद्दा असा, की मी रोज वाचत होतो ते बायबलही नव्हतं आणि संतही नव्हते. तो मीच होतो. माझ्याच आवडी मला दुसऱ्याच्या आवाजात परत ऐकवल्या जात होत्या. गाण्यांच्या अ‍ॅपला दोन गाणी आवडल्याचं सांगितलं की ते तसलीच गाणी वाजवत बसतं ना, तसं. करमणुकीला ठीक आहे. पण भक्ती म्हणून चालवलं तर ती आरशासमोर केलेली भक्ती होते.

आता धुळवडीची गोष्ट.

२०२५ ची धुळवड, शुक्रवार १४ मार्च. ऑफिसला सुट्टी. खाली सोसायटीत पाण्याचे पाईप, रंग, डीजे आणि प्रत्येक मजल्यावरून मटणाचा वास. आमचा उपवासकाळ चालू, त्यातही शुक्रवार, म्हणजे मांसाहार बंद. मी घरात डाळ-भात खात, खिडकी लावून स्वतःची कीव करत बसलो होतो. दुपारी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली,

"आजचं वाचन वाचलंस का?"

"हो गं, वाचलं सकाळी." (यिर्मया २९:११, कितव्यांदा तरी.)

"बरं," म्हणाली आणि ठेवला.

आई असं कधी विचारत नाही. म्हणून मग शोधून त्या दिवसाचं खरं वाचन उघडलं. मत्तयचा पाचवा अध्याय. येशू सांगतो, खून करू नका हे तुम्ही ऐकलंच आहे, पण भावावर रागावणारा, त्याला वेडावाकडा शब्द बोलणाराही त्याच रांगेतला. आणि मग ते प्रसिद्ध सांगणं: वेदीपाशी अर्पण घेऊन आला आहात आणि तिथे आठवलं, की भावाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या.

हा उतारा मला लहानपणापासून माहीत होता. पण मी तो कायम उलटा वाचला होता. मला वाटायचं, 'तुझ्या मनात भावाविषयी राग असेल तर' असं आहे. ते मला सोयीचं होतं, कारण राग माझ्या मनात आहे, माझ्याकडे कारणं आहेत, मी ती तपासून बघेन, वेळ लागेल वगैरे वगैरे. तसं नाहीच आहे ते. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असं आहे. बरोबर कोण, चूक कोण, हा प्रश्नच त्यात नाही. जो वेदीपाशी उभा आहे त्याने उठायचं.

पप्पा गेल्यावर आमची वाडी दोघांच्या नावावर यायची होती. केळी, थोडे माड, आणि मध्ये बावखल. मला फ्लॅटसाठी पैसे हवे होते, म्हणून माझा वाटा विकायचा होता. दादाला बावखल बुजवू द्यायचं नव्हतं, कारण त्याच्या पाण्यावर सगळी वाडी. २०२२ च्या दिवाळीत मी घरी जेवताना, आईसमोर, त्याला म्हणालो, "तुझं काय जातंय बोलायला, तू तर इथे फुकटच राहतोस." पप्पांची शेवटची दोन वर्षं ज्याने डायपर बदलले त्या माणसाला मी हे म्हणालो होतो. तो काही बोलला नाही. ताट उचलून उठला. मग मी त्याचं न बोलणं हाच त्याचा गुन्हा ठरवला आणि अडीच वर्षं तेवढंच धरून बसलो.

त्या दुपारी मी एक हिशोब केला (सवय, दुसरं काय). हा उतारा रविवार सोडून इतर दिवशी वर्षातून दोनदा येतो: उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारी, आणि पुन्हा सामान्यकाळाच्या दहाव्या आठवड्यातल्या गुरुवारी. म्हणजे आमच्या भांडणानंतर तो या आधी चार वेळा येऊन गेला होता. त्यातला दोनदा तर माझ्या त्या भरभक्कम स्ट्रीकच्या काळात. आई चारही वेळा तो वाचून, मिटून, झोपली असणार. माझं नाव घेऊन. पाचव्या वेळी तिने फक्त विचारलं, वाचलंस का.

तिने तो उतारा माझ्यासाठी निवडला असता तर मी भडकलो असतो. "आई, मला बायबलमधून टोमणे मारू नकोस" म्हणालो असतो. पण तिने निवडलाच नव्हता. कोणीच निवडला नव्हता. कॅलेंडरवर तो होता, धुळवडीच्या दिवशी, माझ्यासाठी आणि जगातल्या बाकी सगळ्यांसाठी. त्यामुळे चिडायला समोर कोणी नव्हतं. माझ्या मते ठरलेल्या वाचनाची खरी ताकद ही आहे. ते तुमची बाजू घेत नाही, आणि तुमच्यावर नेमही धरत नाही. ते फक्त येतं. तुम्ही तयार नसताना येतं.

संतांची चरित्रं बघितली तर त्यांच्याही बाबतीत हेच झालेलं दिसतं. इजिप्तमधला अँथनी, साधारण २७० सालचा. आईवडील गेलेले, घरी बरीच वडिलोपार्जित जमीन (हो, जमीनच!). एके दिवशी चर्चमध्ये शिरला तेव्हा नेमकं ते वाचन चालू होतं, की जे आहे ते विकून गरिबांना दे. ते त्याने स्वतःला सांगितल्यासारखं घेतलं आणि तसं केलं. त्याने तो उतारा शोधला नव्हता, फक्त वेळेवर आत शिरला होता. किंवा इग्नेशियस लोयोला. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, महिनोन् महिने अंथरुणावर. त्याने वाचायला शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्या. मिळालं काय, तर ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. हव्या त्या कादंबऱ्या तेव्हा मिळाल्या असत्या तर जेझुइट संघ निघाला असता का, आणि मग राशोलला बसून ओव्या लिहिणारे फादर स्टीफन्स तरी कुठून आले असते?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल.

एक, ठरलेलं वेळापत्रक म्हणजे काही आकाशातून पडलेलं नाही. तेही माणसांनीच बसवलं आणि त्यांनीही काही गोष्टी गाळल्या. धर्मगुरू आणि सिस्टर रोज जी प्रहरांची प्रार्थना म्हणतात तिच्यातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्ण वगळलेली आहेत, कारण त्यात शत्रूंना दिलेले शाप फार कडक आहेत. तेव्हा निवड तिथेही आहे. फरक इतकाच, की ती माझ्या मूडने केलेली नाही.

दोन, कधी कधी निवडावंच लागतं. पप्पा आयसीयूत असताना आई तेविसावं स्तोत्रच पुन्हा पुन्हा वाचायची, त्या दिवशीचं वाचन कुठलं का असेना. बुडणाऱ्याला पोहण्याचा अभ्यासक्रम देत नाहीत, दोरी देतात. पण रोज दोरीच धरून बसायचं ठरवलं तर पोहायला कधी शिकणार?

तीन, 'आमच्यासारख्या नोकरदारांना हे कसं जमणार?' हा प्रश्न. याचं उत्तर १६०९ मध्येच दिलं गेलंय. जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी खास संसारी माणसांसाठी भक्तीवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बिशपने संन्याशासारखं एकांतात बसणं आणि कारागिराने दिवसभर चर्चमध्ये बसणं हे दोन्ही हास्यास्पद. ज्याची भक्ती त्याच्या कामाला झेपेल अशी हवी, आणि कामाच्या आड येणारी भक्ती खोटी. म्हणजे पहाटे चारला उठायची गरज नाही. दहा मिनिटं पुरतात. पण ती दहा मिनिटं आपल्याला आवडेल तेच वाचण्यात घालवायची नाहीत.

आणि आकड्यांचं वेड असेलच (आपल्याला असतंच), तर त्याचाही बंदोबस्त इग्नेशियसने केलेला आहे. १५४८ मध्ये छापलेल्या त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात चक्क एक तक्ता आहे. आपला एकच दोष निवडायचा. दिवसाच्या दोन ओळी, एक दुपारपर्यंतची, एक रात्रीपर्यंतची. जितक्या वेळा घसरलात तितके ठिपके. मग कालच्या ओळीशी आजची ओळ ताडून बघायची. गंमत बघा, माझं अ‍ॅप मी किती वेळा उघडलं ते मोजायचं आणि शाबासकी द्यायचं. इग्नेशियस किती वेळा चुकलात ते मोजायला सांगतो. माझ्या अ‍ॅपप्रमाणे मी ४१२ दिवस उत्तम चाललो होतो. इग्नेशियसच्या तक्त्यावर तेच दिवस मांडले असते तर रोज निदान एक ठिपका नक्की होता.

पारायणाला बसणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. अध्याय आवडीचा नाही म्हणून कोणी गाळत नाही, सगळं ओळीने घ्यावं लागतं. माझ्या एका मित्राची आजी पोथी वाचताना डुलक्या खायची, पण पान सोडायची नाही. आम्ही हसायचो. आता हसू येत नाही.

तर, त्या दुपारी मी दादाला फोन केला का? लगेच नाही केला. आधी भांडी घासली, मग उगाच मेल बघितले. साडेपाचला केला. चार रिंग झाल्या. त्याने उचलला आणि पलीकडे नुसताच पंपाचा आवाज. बावखलातून पाणी चढवत असणार. मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी जे बोललो ते..." आणि पुढचं काही सुचेना. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जेवलास का?" संध्याकाळी साडेपाचला! मी म्हणालो, "डाळ-भात." तो म्हणाला, "आम्ही पण." तीन मिनिटांचा फोन झाला.

यातून सगळं सुटलं असं समजू नका. सातबारा अजून तसाच आहे, फ्लॅटचा हप्ता तेवढाच आहे आणि बावखलावर आमचं अजूनही एकमत नाही. फरक एवढाच, की आता मतभेद आहेत ते बावखलावर. माणसावर नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला टिंग् झालं. त्या दिवशी मी ते उघडलं नाही. रात्री ज्योत विझली आणि आकडा शून्यावर आला. आधी जरा चुकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग अ‍ॅप काढून टाकलं आणि पुढच्या खेपेला वसईहून चर्चचं कॅलेंडर आणलं. ते फ्रिजवर लावलंय. टिंग् होत नाही, विसरायलाही होतं, महिन्यात चार-पाच दिवस सुटतात. पण जेव्हा वाचतो तेव्हा समोर काय येईल ते मला माहीत नसतं.

तुमचा धर्म, तुमचं पुस्तक, तुमचे संत वेगळे असतील. एवढंच तपासून बघा, की तुम्ही रोज जे वाचता त्याने शेवटचं तुमच्या मनाविरुद्ध काय सांगितलं होतं. आठवत नसेल, तर बहुधा तुम्हीही माझ्यासारखी 'शांती' आणि 'यश' वर टिक करून ठेवली असेल.

चला, दहा वाजत आले. आईचा फोन येईल, आणि आजचं वाचन व्हायचंय.